अत्तारमास्तर आणि बेटावरची टाचणी

"माहीत नाही" हे शब्द कासम अत्तारमास्तर ज्या समाधानाने उच्चारत, तेवढ्या समाधानाने लोक पोटभर जेवण झाल्याचंही सांगत नाहीत. वाईच्या हायस्कुलात ते शास्त्र शिकवत. वर्गात कुणी अडचणीचा प्रश्न विचारला की खडू खाली ठेवायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "माहीत नाही. प्रश्न चांगला आहे, वहीत लिहून ठेव." पालकांत याची कुरकुर होई. हेडमास्तरांनी एकदा बोलावून समज दिली, की शिक्षकाने असं वारंवार म्हटलं तर मुलांचा विश्वास उडतो. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "मग माहीत आहे म्हणू का?" हेडमास्तरांनी चहा मागवला.

बेचाळीसच्या शेवटी मी वाईला आले. माहेर सांगलीचं, नर्सिंग आणि सुईणपण मिरजेला शिकलेलं, आणि नोकरी वाईच्या दवाखान्यात. वय पंचवीस. मला मिळालेली खोली आणि मास्तरांचं घर यांच्यात एक मातीची भिंत होती. तिकडे कुणी शिंकलं तर इकडे मी "गरम पाणी प्या" म्हणावं इतकी पातळ. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे आणि राहिलेलं भिंतीतून ऐकलेलं.

मास्तर उंच होते, मानेत थोडे वाकलेले, पन्नाशीच्या आसपासचे. घराण्याचा धंदा अत्तर, बुक्का आणि अष्टगंधाचा. घाटाजवळचं दुकान थोरला भाऊ चालवायचा. मास्तरांनी दुकानात कधी पाय ठेवला नाही, पण भावाच्या कपड्यांबरोबर धुतला जात असल्याने त्यांच्या सदऱ्याला वाळ्याचा वास असे. मास्तर वळणावर आले की वर्ग गप्प व्हायचा, ते पावलांच्या आवाजाने नव्हे, वासाने.

त्यांचं वेड म्हणजे चतुर आणि टाचण्या. पाण्याकाठी उडणारे लांब शेपटीचे हे किडे सगळ्यांनी पाहिलेले असतात, मीही पाहिले होते. पण दोन्ही एकच असं मी समजत होते. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात माझी चूक दुरुस्त केली.

"बाई, बसल्यावर बघायचं. चतुर पंख पसरून बसतो, विमानासारखा. टाचणी पंख पाठीवर मिटून बसते. चतुर अंगाने दणकट, डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले. टाचणी काडीसारखी, डोळे दोन बाजूंना. एवढं बघितलं की पुन्हा चुकणार नाही."

मी पुन्हा चुकले नाही. त्याचा मला आयुष्यात काही उपयोगही झाला नाही. पण बरोबर माहीत असण्याचं एक सुख असतं, ते मिळालं.

मच्छरदाणीचा तुकडा आणि मोडक्या छत्रीची दांडी यांची एक जाळी त्यांनी केली होती. शाळा सुटली की जाळी, भिंग आणि वही घेऊन ते कृष्णेवर जात आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे राहत. अडचण अशी होती, की तिथेच बायका धुणं धुवायच्या. एक पुरुष तासभर हलत नाही, बोलत नाही, नुसता टक लावून बघतो, हे बायकांना कसं चालावं? तक्रार घरापर्यंत आली. त्यांच्या बायकोने, रहिमतभाभींनी, भिंतीपलीकडून मला ऐकू येईल अशा आवाजात त्यांना सुनावलं, "घरात मुंग्या झाल्यात त्या दिसत न्हाईत. भाईरचं किडं मोजाया जाताय आन् माझी मान खाली घालताय."

दुसऱ्या दिवसापासून मास्तर बायकांकडे पाठ करून उभे राहू लागले. वळायचं झालं तर आधी दोनदा खोकत. खोकला ऐकला की बायका पदर सावरत. महिन्याभरात बायकांना त्यांची इतकी सवय झाली, की वाळत घातलेली लुगडी त्यांच्यावर सोपवून त्या घरी जाऊन चूल पेटवून येत. "मास्तर, म्हस आली तर हाकला," एवढंच सांगायच्या. मास्तर म्हशी हाकलत, आणि किती आल्या तेही वहीत लिहीत.

वहीचा नियम एकच होता. दिसलं तेवढं लिहायचं. वाटलं ते नाही, ऐकलं ते नाही. या वहीने एकदा पोलीस घरात आणले. त्रेचाळीस साल होतं, जिल्ह्यात भूमिगतांचा जोर होता, आणि कुणाच्याही घरात कागद सापडला तरी तो वाचला जायचा. कुणीतरी कळवलं असावं, की हा मास्तर रोज संध्याकाळी नदीकाठी थांबून काहीतरी टिपून घेतो. फौजदार दोन शिपाई घेऊन आला. वही उघडली तर त्यात लिहिलेलं: "संध्याकाळी आले. चारशेच्या वर. पश्चिमेकडून. शाळेमागच्या माळावर फिरले. अंधार पडायच्या आत निघून गेले."

"कोण आले चारशे?" फौजदाराने विचारलं.

"चतुर," मास्तर म्हणाले. "पिवळे. दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास येतात."

"कुठून येतात?"

"माहीत नाही."

"कुठं जातात?"

"तेही माहीत नाही. कळलं तर मलाही हवं आहे."

फौजदाराचा चेहरा बघून मी दारातूनच म्हणाले, "साहेब, खरंच किडे आहेत. माळावर चला, आत्ताही असतील." आमची वरात माळावर गेली. उन्हं कलली होती आणि गवतावर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर पिवळे चतुर नुसते भिरभिरत होते. फौजदार बराच वेळ बघत राहिला. मग पोलिसी सवयीने मोजायला लागला.

"साडेतीनशे धरा," तो म्हणाला.

"मी चारशेच्या वर धरले होते," मास्तर म्हणाले. "तुमचा आकडाही लिहितो. खाली सही करा."

फौजदाराने सही केली. ती वही मी पुढे अनेकदा पाहिली आहे. चतुरांच्या नोंदीखाली फौजदाराची सही असलेली दुसरी वही महाराष्ट्रात असेल असं वाटत नाही.

आता हौसाबाईकडे वळते. ती धोमच्या वाटेवरच्या एका वाडीतली. नवरा शेतावर राबायचा, ही बाजाराच्या दिवशी वाईला भाजी घेऊन यायची. एकुलता एक मुलगा दत्तू मास्तरांच्या हाताखाली शिकून, मॅट्रिकला आपटून, लष्करात भरती झालेला. लढाईच्या त्या वर्षांत आमच्या भागात घराघरातून माणूस पलटणीत गेला होता आणि पत्र आलं की वाचून दाखवणारा माणूस शोधावा लागे. हौसाबाई पत्र घेऊन मास्तरांकडे येई.

पत्र वाचण्याची एक रीत होती. वाचणारा दोन-चार वाक्यं पदरची घालायचा. आईची आठवण येते, तुझ्या हातची भाकरी आठवते, देवाला नमस्कार सांग. सगळे घालायचे, मीही घातली आहेत. मास्तर घालत नसत. दत्तू पत्र लिहायचा तेही तारेसारखं.

"'मी बरा आहे. चटणी पोचली. डब्याला भोक पडलं होतं. दत्तू.'" मास्तरांनी वाचलं आणि घडी घातली.

"येवढंच?" हौसाबाईने विचारलं.

"एवढंच."

"आईची आठवण येती, आसं न्हाई लिवलं?"

"नाही लिहिलं."

"उलट्या बाजूला बगा की."

मास्तरांनी उलटी बाजू बघितली, तिलाही दाखवली. कोरी होती.

पुढची तीन पत्रं ती पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाकडे घेऊन गेली. तो रसाळ वाचायचा. दत्तू पत्रात रडला, त्याला स्वप्नात आई दिसली, त्याने आईच्या पायांवर डोकं ठेवलं. हौसाबाई खूष होती. तिसऱ्या पत्रात मात्र लेखनिकाने दत्तूच्या धाकट्या बहिणीलाही आशीर्वाद पाठवले. पुढच्या बाजाराला ती पुन्हा मास्तरांच्या ओसरीवर हजर.

"का हौसाबाई? तिथं वाचतात ना चांगलं?"

"चांगलं वाचत्यात. पर मला लेक न्हाई, मास्तर. तवा बाकीचंबी कुणाच्या पोराचं वाचलं काय ठावं. तुमीच वाचा. कमी असू द्या, पर माज्या पोराचं असू द्या."

मास्तरांना यात विजय वगैरे काही वाटला नाही. त्यांनी तिन्ही पत्रं पुन्हा वाचून दाखवली. तिन्हींत मिळून सात ओळी होत्या.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात शेजारच्या वाडीतली दोन पोरं ब्रह्मदेशात कामी आल्याच्या तारा आल्या. तेव्हापासून हौसाबाईने धास्ती घेतली, की दत्तूही तिथेच आहे. पत्रात ठावठिकाणा लिहायची बंदी होती, लिहिलाच तर वरून शाईने काळा केलेला यायचा. "माजं पोरगं बरम्यात हाय का न्हाई, येवढंच सांगा," हा एकच प्रश्न ती भेटेल त्याला विचारायची. भाजीच्या पाटीकडे लक्ष नसायचं. दवाखान्यात यायची आणि मला विचारायची. मी म्हणायचे, "नसेल हो." तिला कळायचं, की मला काही माहीत नाही.

अशात दत्तूचं एक जाड पाकीट आलं. चार ओळींतल्या दोन काळ्या केलेल्या. राहिलेल्या दोन अशा: "मी बरा आहे. सोबतचे दोन किडे सरांना दाखव, मोठा आपल्याकडचाच आहे, बारका मी कधी बघितला नव्हता." आणि सिगारेटच्या चंदेरी कागदात दाबलेले दोन वाळके किडे.

मास्तरांनी ओसरीवर पांढरा फडका पसरला. मोठा उचलला आणि लगेच ठेवला. "हा आपला पिवळा चतुर. माळावरचा." मग बारका भिंगाखाली धरला. हौसाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मी दवाखान्यातून आले होते, मीही वाकून बघितलं. काळसर काडी, तोंडावर निळा ठिपका, पंख पारदर्शक. मास्तरांनी वही काढून दिसेल ते सगळं लिहिलं. निवृत्त होऊन विलायतेला जाणाऱ्या एका जंगल अधिकाऱ्याने दिलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडे होतं, ते पानन् पान चाळलं. तास गेला.

"हौसाबाई, नीट ऐका," शेवटी ते म्हणाले. "हा मोठा म्हणजे आपला बांगडीवाला. प्रत्येक जत्रेत असतो. आज वाईला, उद्या औंधला, परवा आणखी कुठं. समुद्रापलीकडंही असतो म्हणतात. बांगडीवाला भेटला म्हणून आपण कुठल्या गावात आहोत हे कळत नाही."

"व्हय."

"ही बारकी टाचणी म्हणजे डोंगरावरची एखादी म्हातारी. जन्मात वाईचा बाजार न बघितलेली. ती कोण हे ओळखता आलं तर जागा कळते."

"मग वळका की."

"मला ओळखता येत नाही. माझ्या पुस्तकात ही नाही."

ती गेल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "त्या पुस्तकात ब्रह्मदेश धरलाय ना?"

"धरलाय."

"आणि ही टाचणी त्यात नाही. म्हणजे दत्तू ब्रह्मदेशात नाही. सांगून टाका बाईला. झोपत नाही ती."

"पुस्तकात नाही म्हणजे तिथं नाही, असं होत नाही, बाई. लिहिणाऱ्याला सापडली नसेल. मी नाही म्हणालो आणि तार आली तर?"

मला राग आला होता. खरं तर त्यांचं बरोबर होतं, आणि म्हणूनच आला होता.

किडे हौसाबाई घरी घेऊन गेली. लेकाच्या हातचं आहे, ठेवून कशी जाऊ, म्हणाली. मास्तरांनी आठवणीतून आणि वहीतून चित्र काढलं आणि मुंबईच्या एका संग्रहालयाला लिहिलं. भाभींना पुन्हा पोलीस दिसायला लागले. "फौजेतल्या पोराचा पत्ता हुडकताय असं लिवू नगा." मास्तर म्हणाले, "किड्याचाच पत्ता विचारतोय." पत्रात शिपायाचा उल्लेखही नव्हता. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की चित्रावरून सांगता येत नाही, नमुना पाठवावा.

हौसाबाईच्या वाडीत मला एक बाळंतपण करायचं होतं. नमुना मागायला मास्तर माझ्यासोबत चालत आले. बाळंतपण उरकून मी हौसाबाईच्या घरी पोचले तेव्हा मास्तर देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले होते. देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांच्या शेजारी, पितळी ताटलीत दोन्ही किडे ठेवलेले होते. हौसाबाई रोज त्यांची पूजा करत होती. रोज हळद, रोज कुंकू. चतुर कुठला आणि टाचणी कुठली, हे फक्त लांबीवरून कळत होतं. दोन्ही सारखेच लाल-पिवळे झाले होते.

"का वं मास्तर?" हौसाबाईने दबकत विचारलं. "चुकलं का माजं काय?"

"नाही," मास्तर म्हणाले. "तुम्ही जिथं ठेवायचं तिथंच ठेवलंत."

मी पिशवीतून स्पिरिटची बाटली आणि कापूस काढला. "द्या इकडे. दोन मिनिटांत साफ करते."

हौसाबाईने ताटली छातीशी धरली. "न्हाई. कुकू पुसायचं न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रोज लेकाच्या नावाने लावलेलं कुंकू, आणि मी ते पुसायला निघाले होते. मी बाटलीला बूच लावलं. मास्तर म्हणाले, "पुसणार नाही कुणी. ताटली फक्त खिडकीशी आणा."

उजेडात त्यांनी भिंगातून बघितलं. टाचणीचे चार पंख एकमेकांवर मिटलेले होते. कुंकू वरच्या पंखावर बसलं होतं, मधले दोन पंख कोरे राहिले होते.

"हौसाबाई, मला रंग नको. रंग मी त्या दिवशीच लिहून घेतला आहे. पंखावर शिरा असतात, आपल्या तळहातावर रेषा असतात तशा. मला मधला एक पंख द्या. बाकी सगळी टाचणी इथंच राहू दे."

"पंख तोडायचा?"

"हो."

"लेकाला काय बादलं म्हंजी?"

अशा वेळी कुणीही "देवाच्या कृपेने काही होणार नाही" म्हणालं असतं. मास्तर म्हणाले, "हौसाबाई, हा मेलेला किडा आहे. दत्तू वेगळा. पंख काढला म्हणून दत्तूला बाधणार नाही आणि पूजा केली म्हणून दत्तू वाचणारही नाही. पण पंखावरून तो कुठं होता ते कदाचित कळेल. कदाचित."

मला वाटलं, आता ही आम्हा दोघांना हाकलून देणार. ती ताटलीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तुमी कवाच ग्वाड बोलला न्हाईसा. तवा घ्या."

माझ्या चिमट्याने मास्तरांनी तो पंख काढला. माझा चिमटा मी कुणाला देत नाही, पण त्या दिवशी मागायच्या आधीच दिला होता.

पंख दोन काचांमध्ये बसवून मुंबईला गेला. मग उत्तराची वाट. दत्तूचं पत्र नाही, संग्रहालयाचं नाही. हौसाबाई बाजाराच्या दिवशी यायची, ओसरीवर बसायची, विचारायची नाही. मास्तरच सांगायचे, "अजून काही नाही." भाभी तिला चहा द्यायच्या. एकदा भाभी भिंतीशी येऊन मला म्हणाल्या, "आवं बाई, एक ख्वाटं बोललं तर काय व्हतंय या माणसाला?" मी म्हणाले, "बोलले असते, तर ती इथं येऊन बसली नसती." हे मला तोवर कळायला लागलं होतं.

पावसाळा सरता सरता पाकीट आलं. तो बाजाराचाच दिवस होता. पत्र इंग्रजीत टाइप केलेलं होतं. मास्तरांनी ते आधी मनात वाचलं, मग मराठीत शब्दाला शब्द लावून मोठ्याने. पंखाच्या शिरा आणि तोंडावरच्या निळ्या रंगाची नोंद यांवरून ही टाचणी ओळखता आली. ती हिंदी महासागरातल्या, आफ्रिकेच्या बाजूच्या सेशेल नावाच्या बेटांवर आढळते. जगात अन्यत्र आढळल्याची नोंद नाही. आपण विचारलेल्या पिवळ्या चतुराबद्दल आपणास आमच्याइतकीच माहिती आहे. पंख परत हवा असल्यास कळवावे.

"म्हंजी कुटं?" हौसाबाईने विचारलं.

मास्तरांनी शाळेचा नकाशा आणून ओसरीवर पसरला. ब्रह्मदेश दाखवला. मग बोट उलट्या दिशेला, निळ्या समुद्रातून नेत नेत दोन-तीन ठिपक्यांवर ठेवलं.

"ब्रह्मदेश इकडं. हे इथं."

"तितं लढाई हाय?"

"तिथं मोठी लढाई झाल्याचं मी वाचलेलं नाही."

हौसाबाईचा चेहरा उजळायला लागला तसा मी मास्तरांकडे बघून डोळ्यांनी खुणावलं, की पुरे, आता थांबा. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"अजून एक सांगायचं आहे. दत्तूच्या पत्रावर तारीख आहे. त्या सुमाराला तो या बेटावर होता. आज तिथंच आहे का, हे मला माहीत नाही."

तिने नकाशावरच्या ठिपक्याला बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं.

"तवा हुता न्हवं? बास झालं. ज्यास्नी बरम्यात सोडत्यात त्यास्नी समुद्रातनं फिरवून कशाला न्हेतील?"

हा तर्क मास्तरांना पटला नसावा, पण त्यांनी वाद घातला नाही. फक्त जागेचं नाव बाहेर सांगू नका, लष्कराची गोष्ट आहे, असं बजावलं. तिने ते पाळलं, म्हणजे तिच्या पद्धतीने. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं होतं, की हौसाबाईचा दत्तू बरम्यात नाही, जिथं आहे तिथलं नाव मोठं झकास आहे, आणि मास्तरांनी बजावलंय म्हणून ती ते सांगणार नाही. त्या दिवशी तिची भाजी सगळी खपली.

पुढे दत्तूची पत्रं पुन्हा यायला लागली, तशीच दोन ओळींची.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, दत्तू आला. मला तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात जागा मिळाली होती आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं होतं, म्हणून मी सामान बांधत होते. सर्व्हिस मोटारीतून उतरला तो आईला बाजारात भेटून, पत्र्याची ट्रंक घेऊन, दोघं थेट मास्तरांच्या ओसरीवर. हौसाबाईने मनात खंगलेलं पोर धरलं होतं. हे चांगलं गरगरीत होऊन आलं होतं. समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा राखायच्या, मासे आणि नारळ खायचे, आणि शत्रू एकदाही आला नाही, असं त्याने सांगितलं.

"किडे मुद्दाम पाठवलेस? जागा कळावी म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"न्हाई सर. तेवढं डोकं आसतं तर मॅट्रिक झालो न्हसतो? नवा दिसला म्हणून पाटीवला." आणि त्याने ट्रंकेतून सिगारेटचा मोठा डबा काढून अभिमानाने त्यांच्या हातात ठेवला. आत कापसाच्या थरांत टाचण्या. सगळ्या त्याच, निळ्या तोंडाच्या.

मास्तरांनी एक एक थर उचलून मोजल्या. "एकतीस," ते म्हणाले. चेहरा पडला होता.

"तुमास्नी लागतील म्हणून जमवल्या. येळ लय हुता."

"तिथं किती राहिल्या?"

"ते न्हाई मोजलं, सर."

"चतुर का नाही आणलेस?"

"त्ये हितंबी हायत की."

"म्हणूनच. पोतंभर आणले असतेस तरी काही बिघडलं नसतं. ह्या दुसरीकडं कुठंच नाहीत, दत्तू. त्या बेटावरच्या एका ओढ्यातून एकतीस..."

पोरगा खाली बघायला लागला. हौसाबाई खांबाला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "आवं मास्तर, किडं मोजलंसा. आता पोरगं मोजा की. त्येबी येकच हाय."

मास्तर थांबले. डब्याचं झाकण लावलं, डबा कोनाड्यात ठेवला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि दत्तूकडे बघितलं. केसांपासून बुटांपर्यंत, एखादा नवा नमुना बघावा तसं, सावकाश.

"डाव्या कानामागं व्रण आहे. हा नव्हता," ते म्हणाले.

"नारळ पडला, सर."

भाभी आतून हसल्या. मग मास्तरही हसले. त्यांना आवाज करून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

उन्हं उतरल्यावर मायलेकरं वाडीकडे निघाली. दत्तूने ट्रंक खांद्यावर घ्यायच्या आधी मास्तरांनी तिची एक कडी धरली. "सर, ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "दुसरी धर," मास्तर म्हणाले. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मास्तर मला शेवटचे दिसले ते असे. हौसाबाई पुढे, भेटेल त्याला थांबवून "आलं बगा" म्हणत. मागे ट्रंक दोघांच्या मध्ये लोंबकळत, मास्तर उंच म्हणून त्यांच्या बाजूला जरा तिरपी. माळापाशी पोचले तेव्हा त्यांच्या डोक्यांवर पिवळ्या चतुरांचा थवा उतरला होता, चारशेच्या कितीतरी वर. दत्तू हातवारे करून काहीतरी सांगत होता आणि मास्तर त्याच्याकडे मान वळवून ऐकत होते. माळ संपेपर्यंत त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.